वायर टाकून झाली, आता तिच्यातल्या विजेचं बघा

रेल्वेचं विद्युतीकरण ९८ टक्के झालं, ९९ टक्के झालं अशा बातम्या गेली दोन-तीन वर्षं सतत येतायत, आणि त्या खोट्या नाहीत. २०१४ च्या आधी साधारण २१-२२ हजार किलोमीटर मार्गावर वायर होती, आता ब्रॉडगेजचं जवळपास सगळं जाळं, म्हणजे ६८ हजार किलोमीटरच्या वर, वायरखाली आलंय. हे काम लहान नाही. ब्रिटनने ग्रेट वेस्टर्न मार्गाचं विद्युतीकरण खर्च हाताबाहेर गेल्यावर २०१७ मध्ये कार्डिफलाच थांबवलं, पुढे स्वान्सीपर्यंत नेलंच नाही. अमेरिकेत मालगाड्यांचं एवढं अवाढव्य जाळं आहे, पण ते आजही जवळजवळ सगळं डिझेलवर चालतं. त्यामुळे आपल्याकडे जे झालं त्याचं कौतुक करायला माझी काहीच हरकत नाही.

माझी हरकत कौतुक ज्या कारणासाठी चाललंय त्याला आहे. विद्युतीकरण करायलाच हवं होतं, पण ते पर्यावरणासाठी केलं आणि आता रेल्वे 'ग्रीन' झाली असं जे सांगितलं जातं ते अजून कमवायचं बाकी आहे, आणि ते रुळावर कमावलं जात नाही, ते पॉवर स्टेशनात आणि वीजखरेदीच्या करारांत कमावलं जातं. शिवाय १०० टक्के हा आकडा एकदा गाठला की पैसा, लक्ष, मंत्र्यांची भाषणं सगळं दुसऱ्या योजनेकडे वळणार, आणि वायर टांगण्याइतकंच महत्त्वाचं काम, म्हणजे त्या वायरमध्ये कुठली वीज येते आणि ती वायर रोजच्या रोज धड राहते की नाही, हे कुणाच्याच हेडलाइनमध्ये बसणार नाही.

आता हे सगळं चालतं कसं ते थोडं बघू, कारण त्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही.

आपल्याकडे पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला बॉम्बे व्हीटी ते कुर्ला धावली, हार्बर लाइनवर, १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. मग पश्चिमेला बोरिवली, इकडे कल्याण, आणि दशक संपता संपता दोन्ही घाट चढून पुणे आणि इगतपुरी. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली ती विजेच्या इंजिनावरच. यासाठी जीआयपी रेल्वेने (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) ठाकुर्लीला स्वतःचं पॉवर हाउस बांधलं होतं, ज्याला चोळा पॉवर हाउस म्हणायचे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी वायर टाकली त्यांनी वीज कुठून येणार याचाही विचार त्याच वेळी केला होता. (घाटात मालगाड्या ओढणाऱ्या त्या लांब तोंडाच्या इंजिनांना लोक खेकडा म्हणायचे, हे आपलं जाता जाता.)

डीसीची अडचण साधी आहे. ताकद म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. ६००० हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे साधारण साडेचार हजार किलोवॅट, ते १५०० व्होल्टवर चालवायचं तर वायरमधून ३००० अँपिअर करंट न्यावा लागतो, आणि तेच इंजिन २५ हजार व्होल्टवर असेल तर ढोबळ हिशोबाने १८० अँपिअर पुरतात. वायर तापण्यात जी वीज वाया जाते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे हा फरक सोळा-सतरा पटीवर थांबत नाही, एकाच वायरचा विचार केला तर तो पावणेतीनशे पटीच्या आसपास जातो. म्हणून डीसीला जाडजूड तांबं लागतं आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन लागतं. हे मुंबईच्या लोकलला परवडलं कारण तिथे अंतर कमी आणि गाड्या भरपूर. अख्ख्या देशाला ते कधीच परवडलं नसतं. १९५७ मध्ये फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने २५ हजार व्होल्ट एसीचा (दिशा सतत बदलणारी वीज, जिचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने सहज कमी-जास्त करता येतं) निर्णय झाला, पहिला टप्पा राजखरसावां-डोंगोआपोसी या खनिजाच्या पट्ट्यात आला, आणि आज जे काही ६८ हजार किलोमीटर आपण मिरवतोय ते त्या एका निर्णयावर उभं आहे. माझ्या मते रेल्वेच्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा निर्णय आणि त्याची आठवण कुणीच काढत नाही. मुंबईला मात्र डीसीतून एसीत यायला २०१२ ते २०१६ उजाडलं, पश्चिम रेल्वे आधी, मध्य आणि हार्बर नंतर, आणि तेही रोज लाखो लोक ने-आण करत असताना, रात्रीच्या ब्लॉकमध्ये, तुकड्या तुकड्याने.

एसीमध्ये वीज येते ती अशी. राज्याच्या किंवा केंद्राच्या ग्रिडमधून १३२ किंवा २२० केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाइन रेल्वेच्या सबस्टेशनला येते, तिथे ट्रान्सफॉर्मर ती २५ केव्हीला उतरवतो, आणि ती ओव्हरहेड वायरमध्ये सोडली जाते. इंजिनाच्या टपावरचा, वायरला टेकणारा सांगाडा, म्हणजे पेंटोग्राफ, ती घेतो, इंजिनातला ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, मग कन्व्हर्टर एसीचं डीसी करतो, इन्व्हर्टर त्या डीसीचं हवं त्या फ्रिक्वेन्सीचं थ्री-फेज एसी करतो आणि त्यावर मोटर फिरतात. करंट परत जातो तो चाकातून रुळात आणि रुळातून सबस्टेशनकडे. वायर सरळ रेषेत नसते, ती मुद्दाम नागमोडी टांगलेली असते, म्हणजे पेंटोग्राफवरची कार्बनची पट्टी एकाच जागी घासून खाच पडत नाही. या बारीकसारीक गोष्टी कळल्या की वरच्या त्या तारेबद्दल आदर वाटायला लागतो, निदान मला तरी वाटतो.

एक भानगड अशी की ग्रिड थ्री-फेज आणि रेल्वे घेते त्यातलं फक्त दोन फेजमधलं, म्हणजे सिंगल फेज. सगळ्या सबस्टेशननी एकाच जोडीतून वीज ओढली तर ग्रिडचा तोल जातो, म्हणून शेजारशेजारची सबस्टेशनं वेगवेगळ्या फेजवर जोडतात. मग दोघांच्या हद्दीवर वायरचा एक छोटा तुकडा मेलेला ठेवावा लागतो, त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात, आणि लोको पायलटला तिथे येण्याआधी इंजिनाचा मेन ब्रेकर उघडून निव्वळ वेगावर तेवढं अंतर पार करावं लागतं. पाटी लावलेली असते, 'डीजे ओपन' (डीजे म्हणजे तोच ब्रेकर). चढावर जड मालगाडी हळू झाली आणि नेमकी त्या तुकड्याखाली थांबली तर झालं, मागची सगळी लाइन ठप्प.

आता विद्युतीकरण का बरोबर होतं. पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण ताकद. डिझेल इंजिनाला स्वतःचं पॉवर स्टेशन पाठीवर घेऊन फिरावं लागतं, त्यामुळे त्याची ताकद त्या डब्यात मावेल एवढीच. विजेच्या इंजिनामागे सगळी ग्रिड उभी असते. मढौऱ्यात बनणारं मालगाडीचं डिझेल इंजिन ४५०० हॉर्सपॉवरचं आहे, मधेपुऱ्यात बनणारं डब्ल्यूएजी-१२ हे दोन भागांचं विजेचं इंजिन १२ हजारांचं. कसारा ते इगतपुरी किंवा कर्जत ते लोणावळा या १:३७ च्या चढावर आजही मागून ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावावे लागतात, तिथे हा फरक काय असतो हे सांगायची गरज नाही. चढ लवकर संपला की मागची गाडी लवकर सुटते, म्हणजे तोच रूळ जास्त गाड्या घेतो. नवी लाइन टाकायला जमीन, पैसा आणि दहा-पंधरा वर्षं लागतात, त्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

दुसरं म्हणजे मधले तुकडे. हे लोकांच्या लक्षात येत नाही. एखाद्या मार्गाचा ८०० किलोमीटर भाग वायरखाली आणि मधला १५० नसेल तर एक तर दोनदा इंजिन बदला, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं घाला, किंवा अख्खा प्रवास वायरखालून डिझेल जाळत करा. आपल्याकडे वर्षानुवर्षं दुसरा प्रकार सर्रास चालला. त्यामुळे 'जिथे गाड्या कमी तिथे वायर कशाला' हा जो आक्षेप काही अर्थतज्ज्ञ घेतात तो एका लाइनपुरता बरोबर असला तरी जाळं म्हणून बघितलं की कमकुवत पडतो. शेवटचे दहा टक्के जोडले तेव्हा आधीच्या नव्वद टक्क्यांचं पूर्ण पीक हातात आलं. कोकण रेल्वेचंच घ्या. रोहा ते ठोकूर ७४० किलोमीटर, ९१ बोगदे, त्यातला करबुड्याचा एकटा साडेसहा किलोमीटरचा. डिझेलच्या काळात बोगदा आला की खिडक्या लावायच्या हे तिथल्या प्रवाशाला सांगावं लागत नव्हतं. २०२२ मध्ये सगळा मार्ग विजेवर आला, साधारण १२८७ कोटी खर्चून, आणि मुंबईहून थेट मंगळूरकडे एकाच इंजिनावर गाडी जाऊ शकते. धूर गेला, डिझेलचा खर्च गेला, इंजिन बदलणं गेलं.

तिसरं कारण परकीय चलन. तेल आपण बाहेरून आणतो, कोळसा बहुतांश आपला आहे, पाणी-ऊन-वारा तर आपलंच आहे. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना म्हणून स्वित्झर्लंडने धरणांच्या विजेवर रेल्वे नेली, तेव्हा त्यांना हवामानबदल हा शब्दही माहीत नव्हता. स्वतःच्या घरातलं इंधन वापरायचं, एवढंच. आपलंही मूळ कारण हेच आहे आणि ते सांगायला लाज वाटायचं कारण नाही.

पण मग 'ग्रीन'चं काय? इथे जरा हिशोब करू, ढोबळच, कारण नेमका कुणालाच जमणार नाही. एक लिटर डिझेल जळालं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि त्या लिटरमधून इंजिनाच्या चाकापर्यंत जेमतेम तीन-साडेतीन युनिट पोचतात, बाकी उष्णता होऊन जातं. म्हणजे चाकावरच्या एका युनिटमागे ०.८ किलोच्या आसपास. आता वीज. आपल्या देशाच्या ग्रिडमध्ये, सोलर-वारा-धरणं सगळं धरून, एका युनिटमागे ०.७ किलोच्या जरा वर कार्बन निघतो, कारण अजूनही सत्तर टक्क्यांच्या वर वीज कोळशाची आहे. त्यात लाइनमधलं नुकसान, सबस्टेशन, इंजिनातला ट्रान्सफॉर्मर आणि मोटर यांचं मिळून पंधरा-वीस टक्के धरा, चाकापर्यंत येईस्तोवर ०.८५ ते ०.९ होतं. म्हणजे काय, तर बरोबरी. उतारावर ब्रेक लावताना मोटर जनरेटरसारखी वापरून वीज परत वायरमध्ये सोडता येते, ती धरली तर विजेची बाजू थोडी वर जाते, पण 'डिझेल गेलं आणि प्रदूषण संपलं' असं म्हणण्याइतकी नाही. प्रदूषण स्टेशनातून उठून चंद्रपूर, कोराडी, सिंगरौलीच्या पॉवर स्टेशनांकडे गेलं, आणि तिथेही माणसंच राहतात.

यात एक गंमत आहे, गंमत म्हणायची का माहीत नाही. रेल्वे जो माल वाहते त्यातला जवळपास निम्मा कोळसा. तो कोळसा पॉवर स्टेशनला जातो, त्याची वीज होते, आणि त्या विजेचा एक भाग वाघिणींना पुढची खेप आणायला लागतो. २०२२ च्या एप्रिल-मे मध्ये उन्हाळा कडक होता, पॉवर स्टेशनांतला साठा खाली गेला, तेव्हा कोळशाच्या मालगाड्यांना (रेकना) वाट द्यायला रेल्वेने शेकडो पॅसेंजर फेऱ्या रद्द केल्या. म्हणजे विजेवरची रेल्वे कोळशासाठी माणसांच्या गाड्या थांबवत होती. या वर्तुळातून बाहेर पडल्याशिवाय २०३० पर्यंत नेट झिरो वगैरे जे रेल्वेने जाहीर केलंय ते कागदावरचंच राहणार. आणि दुसरी बाजू अशी की पडलो बाहेर, कोळसा कमी झाला, तर मालभाड्याचं सगळ्यात खात्रीचं गिऱ्हाईक जाणार. याचं उत्तर रेल्वेकडून जाहीरपणे मागायला हवं, कारण प्रवासी भाड्यातला तोटा मालभाड्यातूनच भरून निघतो.

मग बरोबरीच असेल तर एवढा खर्च का केला असं कुणी विचारेल. त्याला माझं उत्तर असं की डिझेल इंजिन आज जेवढा धूर सोडतं तेवढाच ते वीस वर्षांनी सोडणार, आणि विजेचं इंजिन मात्र ग्रिड जसजशी सुधारेल तसतसं आपोआप स्वच्छ होत जाणार, इंजिनाला हातही न लावता. वायर हा फायदा नव्हे, फायद्याची शक्यता आहे. शक्यता विकत घेतली याबद्दल तक्रार नाही. फक्त शक्यतेलाच फायदा म्हणून दाखवू नका.

आता वीज येते कुठून. रेल्वे देशातल्या एकूण विजेपैकी साधारण दोन टक्के वापरते असं धरलं जातं, म्हणजे एवढं मोठं गिऱ्हाईक की कुठलाही वीज विकणारा त्याच्यासाठी उठून उभा राहील. बरीच वर्षं रेल्वे मात्र प्रत्येक राज्याच्या वीज मंडळाकडून तो सांगेल त्या भावाने वीज घ्यायची, आणि तो भाव चढा असायचा कारण उद्योग आणि रेल्वे यांच्याकडून जास्त घेऊन शेती आणि घरगुती ग्राहकांना स्वस्त द्यायची ही पद्धत. वीज कायदा २००३ आला, मग रेल्वेला वीज वितरणाच्या परवानाधारकासारखं मानायचं ठरलं, आणि २०१५ च्या अखेरीपासून महाराष्ट्रात रेल्वे ओपन अ‍ॅक्सेसने, म्हणजे वीज मंडळाला वगळून, थेट वीज घ्यायला लागली. घेतली कुठून, तर दाभोळहून. एन्रॉनच्या नावाने ज्या प्रकल्पाने महाराष्ट्राचं राजकारण ढवळून काढलं, त्याच गॅसच्या प्रकल्पाने शेवटी आगगाड्या चालवल्या. दुसरीकडे बिहारमधल्या नबीनगरला रेल्वे आणि एनटीपीसी ही सरकारी वीज कंपनी यांनी मिळून १००० मेगावॅटचा प्रकल्प उभा केला, त्यातली ९० टक्के वीज रेल्वेची. आणि तो कोळशाचा. म्हणजे रेल्वेला स्वतःच्या विजेचा विचार सुचला तेव्हा तो कोळशाच्या रूपात सुचला, हे ग्रीनचा झेंडा घेऊन फिरणाऱ्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

राज्यांच्या वीज कंपन्यांना हे अर्थातच आवडलं नाही. मोठं, वेळेवर पैसे देणारं गिऱ्हाईक गेलं की त्याच्या चढ्या बिलातून इतरांना मिळणारी सूट, म्हणजे क्रॉस सबसिडी, कुणी भरायची? त्यामुळे रेल्वेने अधिभार द्यावा की नाही, ती ग्राहक आहे की परवानाधारक, हा वाद वीज आयोग आणि न्यायाधिकरणापर्यंत गेला. मला यात रेल्वेची बाजू पूर्ण पटत नाही, कारण शेतकऱ्याच्या पंपाची सबसिडी उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी बिलावर पडणारच. पण वीज मंडळांचीही पटत नाही. रेल्वेकडून चढा भाव घेतला की तो शेवटी मालभाड्यात जातो, मालभाडं महाग झालं की सिमेंट-लोखंड-धान्य ट्रकवर जातं, आणि ट्रक डिझेलवर चालतो. म्हणजे सबसिडी वाचवण्याच्या नादात आपण माल पुन्हा डिझेलकडे ढकलतो. ज्या देशाला मालवाहतूक रस्त्यावरून रुळावर आणायची आहे त्याने ट्रॅक्शनच्या, म्हणजे गाड्या ओढायच्या, विजेवरचा हा बोजा हळूहळू उतरवावा आणि सबसिडी सरळ सरकारी तिजोरीतून द्यावी असं माझं मत आहे.

सोलरचं बोलायचं तर रेल्वेकडे जमीन आहे, छपरं आहेत, इच्छाही आहे. मध्य प्रदेशात बीना इथे १.७ मेगावॅटचा सोलर प्रकल्प थेट २५ केव्हीच्या वायरला जोडला, इंजिनियरिंग म्हणून ते खरंच चांगलं काम आहे. पण १.७ मेगावॅट म्हणजे भर दुपारी एका मालगाडीच्या इंजिनाचीही पूर्ण भूक भागत नाही. आणि रेल्वे रात्री झोपत नाही. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या रात्रीच धावतात, मालगाड्यांना तर रात्रीच वाट मिळते. त्यामुळे छपरावर पॅनेल लावल्याचे फोटो पुरेसे नाहीत, सोलरसोबत वारा, पंप्ड स्टोरेज (पाणी वर चढवून वीज साठवणं), बॅटरी असं चोवीस तासांचं पॅकेज विकत घ्यावं लागेल, ते महाग असेल, आणि त्याचा भाव लोकांसमोर ठेवावा लागेल. ग्रीन वीज वर्षभरात सरासरीने किती घेतली हा आकडा फसवा आहे. दुपारी जास्तीची सोलर घेतली आणि रात्री नबीनगरची घेतली तर सरासरी छान दिसते, रात्रीचा धूर तसाच राहतो.

यापेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. सगळी अंडी एकाच टोपलीत गेली आहेत. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेची ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळली, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही गेली, गाड्या जिथल्या तिथे उभ्या राहिल्या, आणि तेव्हा सुटका करायला डिझेल इंजिनं भरपूर होती. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल दोन-अडीच तास बंद पडल्या, कोरोनामुळे गर्दी कमी होती म्हणून निभावलं. स्वित्झर्लंडसारख्या देशात, जिथे रेल्वेची स्वतःची धरणं आणि स्वतःची वेगळी फ्रिक्वेन्सी आहे, तिथेही २२ जून २००५ ला अख्खं जाळं काही तास ठप्प झालं होतं. एप्रिल २०२५ मध्ये स्पेन-पोर्तुगालची ग्रिड गेली, हजारो प्रवासी माळरानावर उभ्या गाड्यांत अडकले. कुणाच्या हलगर्जीपणाचा प्रश्न नाही हा, मोठ्या ग्रिडचा तो स्वभावच आहे, क्वचित होतं पण होतं तेव्हा सगळीकडे एकदम होतं.

म्हणून डिझेल इंजिनं सगळी भंगारात काढायची घाई मला साफ चुकीची वाटते. पूर, चक्रीवादळ, सीमेवरचा तणाव, ग्रिड फेल्युअर, या वेळी प्रत्येक विभागात ठराविक अंतरावर चालू स्थितीतली डिझेल इंजिनं आणि ती चालवता येणारी माणसं तयार पाहिजेत. इंजिन ठेवणं सोपं, माणसं ठेवणं अवघड. डिझेल शेडचे फिटर आता विजेच्या इंजिनांवर गेले, ते बरोबरही आहे, पण दहा वर्षांनी डिझेलचं पॉवर पॅक उघडून बसवणारा हात शेडमध्ये उरेल का? धोरणाची गंमत बघा, नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेने एकाच महिन्यात बिहारमध्ये दोन करार केले, मधेपुऱ्याला ८०० विजेची इंजिनं आणि मढौऱ्याला १००० डिझेल इंजिनं. त्यानंतर तीन वर्षांत, सप्टेंबर २०१८ मध्ये, मंत्रिमंडळाने उरलेल्या १३,६७५ किलोमीटरला वायर टाकायला १२ हजार कोटींच्या वर मंजूर केले. म्हणजे आपल्याला कुठे जायचंय हे ठरायच्या आधी आपण दोन्हीकडची तिकिटं काढली होती. निदान त्या डिझेल इंजिनांचा आता राखीव म्हणून नीट उपयोग करावा.

आणि शेवटी ती वायर. ओव्हरहेड वायर तुटली ही बातमी आपण इतक्यांदा वाचतो की तिचं काही वाटेनासं झालंय. वायर तुटते ती बहुतेक वेळा अचानक नाही तुटत. कुठेतरी ड्रॉपर, म्हणजे वायर वरून धरून ठेवणारी छोटी तार, सुटलेला असतो, कुठे इन्सुलेटरवर धूळ-मीठ-शेवाळ बसलेलं असतं, कुठे झाडाची फांदी जवळ आलेली असते, कुठे पतंगाचा मांजा अडकलेला असतो, थंडीत तांबं आकसतं आणि उन्हाळ्यात लोंबतं म्हणून टोकाला वजनं लावून ताण सारखा ठेवायचा असतो, ती वजनं कुठे अडकलेली असतात. हे सगळं बघायला टॉवर वॅगन (वायरपर्यंत पोचायला वर मचाण असलेली गाडी) घेऊन माणसांना वायरखाली जावं लागतं, त्यासाठी वीज बंद पाहिजे आणि गाड्या बंद पाहिजेत, म्हणजे ब्लॉक पाहिजे. आणि ब्लॉक कुणालाच नको असतो. ऑपरेटिंगवाले म्हणतात गाड्या उशिरा होतील, मालगाडीवाले म्हणतात रेक अडकतील, आपण प्रवासी म्हणतो रविवारी पण सुखाने फिरू देत नाहीत. मग तीन तासांचा ब्लॉक मागितला की दीड तास मिळतो, त्यातला अर्धा तास वीज बंद करून अर्थिंग लावण्यात जातो, आणि उरलेल्या वेळात काय काम होणार.

डिझेलच्या काळात एका इंजिनात बिघाड झाला तर एक गाडी अडायची. आता वायर पडली की दोन्ही दिशांच्या वीस-पंचवीस गाड्या अडतात. बिघाडाचा प्रकारच बदललाय, पण देखभालीचं बजेट आणि माणसं मोजायची पद्धत जुनीच. २०१४ नंतर टांगलेलं ४६-४७ हजार किलोमीटरचं सामान आता एकाच वेळी नवं आहे, म्हणून सध्या गोडीत चाललंय. ते एकाच वेळी जुनंही होणार आहे. २०१८ ते २०२४ मध्ये जे घाईघाईने टांगलं त्याचे इन्सुलेटर, क्लॅम्प, फिटिंग पंधरा-वीस वर्षांनी एकदमच बदलायला येतील, आणि त्या वेळचा अर्थमंत्री म्हणेल की विद्युतीकरण तर कधीच पूर्ण झालं, आता कसले पैसे.

काही चांगल्या गोष्टी मात्र आवाज न करता होतायत आणि त्या मला १०० टक्क्यांपेक्षा जास्त महत्त्वाच्या वाटतात. पूर्वी नव्या बनावटीच्या एलएचबी डब्यांच्या गाड्यांच्या टोकांना जनरेटरचे डबे असायचे, फक्त एसी-पंखे-दिवे चालवायला डिझेल जाळत, प्लॅटफॉर्मवर त्यांच्या शेजारी उभं राहवत नसे. आता इंजिनच वायरमधून वीज घेऊन डब्यांना देतं, हेड ऑन जनरेशन म्हणतात त्याला, त्याने डिझेलही वाचलं आणि आवाजही गेला. डब्ल्यूएपी-७ सारखी थ्री-फेज इंजिनं आणि मुंबईच्या नव्या लोकल ब्रेक लावताना वीज परत देतात. लोकल दर दोन-तीन मिनिटांनी थांबते, त्यामुळे तिथे ही बचत जास्त होते, तीस टक्क्यांच्या आसपास सांगितली जाते. पण ही वीज परत गेल्यावर जवळ दुसरी गाडी ती घ्यायला पाहिजे, नाहीतर ती ग्रिडमध्ये जाते आणि तिथला मीटर तिचे पैसे देतो की नाही हे परत त्या राज्याच्या करारावर अवलंबून. वेस्टर्न फ्रेट कॉरिडॉरवर, म्हणजे फक्त मालगाड्यांसाठीच्या वेगळ्या मार्गावर, कंटेनरवर कंटेनर ठेवून विजेवर गाडी नेता यावी म्हणून वायर साडेसात मीटरच्या आसपास उंच टांगली, हे करायला हिंमत लागते. तिथे आणि दिल्ली-मुंबईसारख्या गर्दीच्या मार्गांवर दुप्पट फीडिंगची पद्धत येतेय, २ गुणिले २५ केव्ही, त्यात सबस्टेशनं लांब लांब ठेवता येतात आणि जड गाड्यांनाही व्होल्टेज पडत नाही. खरा पैसा इथे जायला हवा.

रेल्वे दर महिन्याला गाड्या किती वेळेवर धावल्या ते सांगते, किती टन माल वाहिला ते सांगते. त्याच कागदावर आणखी तीन रकाने घालायला फार काही लागत नाही. हजार टन-किलोमीटरला किती युनिट लागले, त्यातले रात्रीच्या वेळी कोळशाचे किती आणि बाकीचे किती, आणि ओव्हरहेड वायरच्या बिघाडाने कुठल्या विभागात एकूण किती मिनिटं गाड्या उभ्या राहिल्या, मागितलेल्या ब्लॉकपैकी किती तास खरंच मिळाले यासकट. हे आकडे विभागांच्या कंट्रोल ऑफिसात रोज लिहिले जातात, फक्त बाहेर येत नाहीत. ते बाहेर आले तर पुढच्या वर्षी मराठवाड्यात किंवा विदर्भात एखादा विभाग ब्लॉक न मिळाल्यामुळे मागे पडतोय हे तिथल्या खासदाराला संसदेत विचारता येईल, आणि उत्तर देणाऱ्याला ९९ टक्के म्हणून बसता येणार नाही.